करारावर सही कुणाची घेणार आहेस?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काजू बागायतदारांना घेऊन झाडं लावायची, जोडीला सुधारित चुली द्यायच्या आणि त्यातून मिळणारी कार्बन क्रेडिट विकायची, ही कल्पना मला आवडली. शेवटाला 'महिलांचा सहभाग' म्हणून एक परिच्छेद टाकला आहेस, त्याबद्दल तू माझं मत विचारलंस. माझं मत असं की तो परिच्छेद काढून टाक. त्यातलं जे खरं आहे ते पहिल्या पानापासून हिशेबात यायला हवं, कारण तुझा सगळा हिशेबच बायकांच्या कामावर उभा आहे.

चुलीपासून बघू. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला किंवा झाडांनी शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन सुकं लाकूड जळलं की साधारण पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातही जेवढं लाकूड जंगल पुन्हा भरून काढू शकत नाही तेवढ्याचाच वाटा तुला धरायचा आहे. आता घरातल्या पुरुषाला विचारशील, 'चूल वापरता का?' तर तो सांगेल, गॅस आहे. खोटं नाही ते. पण त्याच घराच्या मागच्या दारी गेलास तर न्हाणीत भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, चढलेलं दिसेल, उकड्या तांदळासाठीची वेगळी चूल दिसेल आणि पावसाआधी माडाच्या चुडतांखाली रचून ठेवलेली फाटी, म्हणजे जळाऊ लाकडं, दिसतील. ती फाटी कुठून आणली, सुकून पडलेली होती की तोडलेली, पूर्वीपेक्षा आता लांब जावं लागतं का, मिरगाआधी किती साठवावी लागतात, याची उत्तरं तीच देईल, जिने ती डोक्यावरून आणली. जंगल भरून निघतं की नाही याची गावातली माहिती तिच्यापाशी असते, आणि तुझ्या सूत्रातला सगळ्यात नाजूक आकडा तोच आहे.

हे मी केवळ न्यायाची गोष्ट म्हणून सांगत नाही. २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात चुलींच्या प्रकल्पांची तपासणी छापून आली. अभ्यासलेल्या प्रकल्पांनी प्रत्यक्षात वाचवलेल्या कार्बनच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतली होती, असं त्यात निघालं. नवी चूल किती वापरली जाते हे वाढवून धरणं आणि जुनी चूल शेजारी पेटतीच राहते हे न मोजणं, ही त्यातली मोठी कारणं. पाहुण्यासारखा आलेला सर्वेक्षक दारात उभा राहून विचारतो तेव्हा कुठली बाई म्हणेल की तुम्ही दिलेली चूल मी अडगळीत ठेवली आहे? तू मुलगा आहेस, मागच्या दारी तुला तसं कुणी नेणारही नाही. स्वयंसाहाय्य गटातल्या दोघीतिघींना सर्वेक्षणाला घे आणि त्यांना रोजंदारी दे. वजनकाटा घेऊन मोळी तोलायला शिकव. मे महिन्यातली सुकी मोळी आणि आषाढातली ओली मोळी वेगळी तोलायची असते, हे त्या तुलाच शिकवतील.

आता सही. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. तुझ्या मसुद्यात करार ३० वर्षांचा आहे आणि सहीसाठी एकच रेघ आहे, 'जमीनधारक'. गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून इथे जमिनीचा तुकडा विकायचा तर खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागतात. मग तीस वर्षं झाड तोडायचं नाही असं लिहून देताना एकाचीच सही कशी पुरेल? जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव आहे, हे उत्तर मला देऊ नकोस. उताऱ्यावर नाव नसलं म्हणून तिचा हक्क संपत नाही.

सत्तरीत तर पुढचा गुंता आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या आल्वारा, मोकासो जमिनी, वनखात्याचा दावा... पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या घराच्या नावावर जमीन नाही. तुला ऑफिसात सांगतील की जिथे पुरुषाचंच नाव लागत नाही तिथे बाईचं काय घेऊन बसलास. त्यांना २००६ चा वनहक्क कायदा दाखव. जोडपं असेल तर जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असं नियमांत आहे. सरकारी पट्ट्याला जी अट लागते ती तुमच्या करारालाही लावा. रेघा दोन कर. आणि करार मराठीत, शिवाय वाचून दाखवायचा तो कोकणीत, बायको घरी असेल त्या वेळी.

पैशांचंही तसंच. 'बायकांची खाती नसतात' हे वाक्य तुझ्या आराखड्यात बाहेरून उचललेलं दिसतं. गोव्यात २०१२ पासून गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात थेट पडतात. खाती आहेत. काजूच्या हंगामात पहाटेपासून बिया वेचणारी, बोंडू (काजूची फळं) वेगळे करणारी आणि झाडाखालचा पातेरा, म्हणजे सुका पाला, झाडून काढणारी जर ती असेल, तर झाडामागे मिळणाऱ्या रकमेचा वाटा तिच्या खात्यात गेला पाहिजे. किती, हे गावात बसून ठरवा. पण आकडा करारात लिहिलेला असू दे. पातेऱ्यावरून आठवलं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले तेव्हा काजूचाच हंगाम होता. तुझ्या झाडांना सगळ्यात मोठा धोका आगीचा आहे आणि त्या महिन्यांत डोंगरावर बायका असतात. आगीच्या पहाऱ्याचं प्रशिक्षण पंचायतीच्या सभागृहात चार पुरुषांना देऊन काय उपयोग?

मात्र हेही बघ की 'सहभाग' म्हणून तिच्या दिवसात आणखी एक काम घुसणार नाही. रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? तू लिहिलं आहेस, 'कुटुंब'. कुटुंब कळशी उचलत नाही. ते काम धर, मोज आणि त्याची मजुरी खर्चात दाखव. प्रकल्प त्या पैशांत बसत नसेल तर क्रेडिटचा भाव कमी धरला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बाहेरची उदाहरणं मागितलीस. केनिया-टांझानियातला 'टिस्ट' हा शेतकऱ्यांचा झाडं लावण्याचा प्रकल्प बघ. सहा ते बारा शेतकऱ्यांचे छोटे गट आणि गटाचं पुढारपण आळीपाळीने, त्यामुळे सभेत मागे बसणाऱ्या बाईचीही पाळी येते. केनियातल्याच गाझी खाडीत 'मिकोको पामोजा' नावाचा खारफुटीचा प्रकल्प आहे, ११७ हेक्टरचा. क्रेडिटच्या पैशांतून गावाने पाण्याची सोय केली, म्हणजे बायकांचे हेलपाटे वाचले. पुढेमागे तुम्ही खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीकडे, वळलात तर तो जरूर अभ्यास. पण चिखलाच्या पट्ट्यात जिथे बायका खुबे आणि तिसऱ्या असे शिंपले वेचतात तिथे खारफुटी लावून त्यांची रोजी बंद करू नका. नकाशावर ती जागा रिकामी दिसते. ओहोटीला जाऊन बघ.

'डब्ल्यू प्लस' नावाचं मानकही आहे, नेपाळच्या बायोगॅस प्रकल्पात ते पहिल्यांदा वापरलं. बाईचा वाचलेला वेळ त्यात मोजून दाखवतात. तुमच्यासारख्या छोट्या प्रकल्पाला प्रमाणपत्राचा खर्च झेपेलच असं नाही. प्रमाणपत्र नाही घेतलंत तरी त्यातले प्रश्न घ्या.

सभा काजूचा हंगाम आणि भातलावणी टाळून ठेव, दुपारी तीननंतर. सुधारलेला मसुदा पाठवशील तेव्हा करारनाम्याचं पान आणि सर्वेक्षणाचे प्रश्न आधी पाठव. मी ते इथल्या गटातल्या बायकांना वाचून दाखवते आणि त्या काय म्हणतात ते तुला कळवते.

तुझी,
मावशी
वाळपई