फ्लोटिंग पिन: तरंगती की अधांतरी?

प्रश्न असा आहे: आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला बटण कसं जोडायचं यावर मराठीत टिपण लिहायचं आहे. त्यात 'फ्लोटिंग इनपुट'ला, म्हणजे शून्य की एक हे पक्कं नसलेल्या इनपुट पिनेला, 'तरंगती पिन' म्हटलं तर चालेल का? आणि अशा पिनेला 'एक'कडे धरून ठेवणाऱ्या 'पुल-अप'ला काय म्हणावं?

'तरंगती' नको. मराठीत तरंगतं ते कशाच्या तरी आधारावर, जसं पाण्यावर लाकूड. पिनेचं दुखणं नेमकं उलटं आहे, तिला कसलाच आधार नसतो. ऊनो या आर्डुइनो बोर्डाची एखादी इनपुट पिन (बाहेरचा सिग्नल वाचणारं टोक) काहीही न जोडता वाचून बघा. पडद्यावर शून्य, शून्य, एक, शून्य, एक असं काहीही येत राहतं. तिला फूटभर वायर लावून जवळ नुसता हात नेला तरी आकडे बदलतात, कारण आजूबाजूच्या विजेची बारीकशी चाहूलही तिला पुरते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ऊनोची चिप १.५ व्होल्टच्या खाली शून्य वाचते आणि ३ च्या वर एक. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी नाही.

अशा स्थितीला आपल्याकडे तयार शब्द आहे: अधांतरी. 'निर्णय अधांतरी आहे' म्हणतो तेव्हा तो होकार नसतो, नकारही नसतो, आणि उद्या कुठे झुकेल तेही ठाऊक नसतं. पिनेचं तसंच आहे. 'त्रिशंकू' सुचेल, पण त्रिशंकू एकदाचा मध्येच अडकून स्थिर झाला; ही पिन स्थिर कुठे असते? 'निराधार' अर्थाने जवळचा असला तरी निराधार पिनेसाठी पेन्शन योजना आठवते. 'सुटी' म्हणाल तर फसाल. पुल-अप नसेल तर बटणाला व्यवस्थित जोडलेली पिनही बटण दाबलेलं नसताना अधांतरीच असते, आणि नवशिक्या चकतो तो इथेच. वायर तर जोडली आहे, मग बिघडलं कुठे?

'पुल-अप'साठी मला 'ओढ' फार आवडतो. खेच नव्हे, ओढ. खेचण्यात जोर आहे, ओढ हलकी पण सतत असते. चिपच्या पोटातला पुल-अप रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा भाग) २० ते ५० किलोओहमचा असतो; अडथळा एवढा मोठा, म्हणून ओढ अगदी हलकी. दुसरं कोणी नसेल तर तो पिनेला ५ व्होल्टकडे ओढून ठेवतो. बटण दाबून ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकली की ग्राउंड सहज जिंकतं. म्हणून पुल-अपला 'वरची ओढ' आणि ग्राउंडकडे ओढणाऱ्या पुल-डाउनला 'खालची ओढ' लिहा. रेझिस्टरला मात्र रेझिस्टरच राहू द्या, दुकानात तेच मागावं लागतं.

एक जागा जपा. वरची ओढ लावली की बटण दाबल्यावर शून्य येतं, सोडल्यावर एक. 'बटण चालू म्हणजे एक' असं सवयीने लिहून जाल. त्यापेक्षा सरळ लिहा: 'दाबलं की पिन खाली, सोडलं की वर.'