परत विचार

प्रिय पोरी,

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला. ग्रामपंचायतीत निवडून येऊन उपयोग काय, निधी सगळा सत्ताधाऱ्यांच्या वॉर्डात जातो, मग मीपण त्यांच्याच पक्षात गेले तर बिघडलं कुठं, हा तुझा प्रश्न. तू प्रामाणिक आहेस, धडपडी आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुलाही माहितीये आणि गावालाही, म्हणून तर मतं दिली. मी सरळ त्या टाकीवर येतो.

जलजीवनची, म्हणजे घरोघरी नळ द्यायच्या सरकारी योजनेची टाकी उभी आहे, पाइप अर्ध्या रस्त्यापर्यंत आलाय, नळाला थेंब नाही. तू मासिक सभेत विचारलंस, ग्रामसेवक म्हणाले 'काम प्रगतीपथावर आहे', आणि तू खाली बसलीस. पुढच्या महिन्यात काय केलंस? मेसेजमध्ये काहीच नाहीये. त्याच्या पुढच्या महिन्यात? तेही नाही. डायरेक्ट पक्षप्रवेशावर आलीस. अगं, एकदा विचारून उत्तर मिळालं असतं तर लोकांनी माणसं निवडून कशाला दिली असती, अर्ज टाकून घरी बसले नसते का. परत विचारायचं असतं. हेच काम आहे आपलं, दुसरं काही नाही.

आबांचं नाव तू ऐकलंयस, पण तुमच्या पिढीला आबा म्हणजे एसटीने जाणारे साधे आमदार एवढंच व्हॉट्सअॅपवर आलंय. गणपतराव देशमुख, सांगोला, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, आणि शेवटचे निवडून आले २०१४ ला. अकरा वेळा, एकच तालुका, एकच पक्ष. मध्ये दोनदा पडले. १९७२ ला पडले, तर १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पडले ते फक्त १९२ मतांनी, आणि १९९९ ला परत आले. मंत्री झाले ते एकदा १९७८ च्या पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि एकदा १९९९ च्या सरकारात, तेवढंच. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. म्हणजे तू आज जिथं बसलीयस आणि म्हणतेस इथून काही होत नाही, तिथं हा माणूस जवळपास पन्नास वर्षं बसला. साधेपणाचं कौतुक करायला माझी ना नाही, पण एसटीच्या तिकिटाने पाणी येत नाही. मला त्या माणसात जे दिसलं ते वेगळं होतं. वय नव्वदीकडे झुकलेलं, आणि तरी सभागृहात वेळेवर, हातात कागद, आणि विषय तोच, दुष्काळ, पाणी, रोजगार हमीची मजुरी. तरुण आमदार कंटाळायचे. आबा नाही कंटाळले.

विधानसभेत प्रश्न कसा चालतो ते तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो, कारण ही गंमत कळल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं तो, छापील यादीत येतो, त्याला आकडे घातलेले असतात. (१) अमुक तालुक्यातील अमुक योजनेचे काम बंद आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, त्याची कारणे काय. (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली. आणि उत्तर काय येतं माहितीये? (१) हे अंशतः खरे आहे. (२) आणि (३) प्रश्न उद्भवत नाही. बस. काम बंद आहे हे अर्धवट मान्य, पण कारण विचारायचा प्रश्नच उद्भवत नाही! नवा आमदार हे वाचून चिडतो, हौद्यात उतरतो, घोषणा देतो, टीव्हीवर दिसतो आणि मोकळा होतो. मुरलेला आमदार त्या 'अंशतः' शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारतो आणि उठून उपप्रश्न विचारतो, अंशतः म्हणजे किती, कुठला भाग खरा. मंत्री अडकतो, बोलून जातो की अमुक महिन्यात पूर्ण करू. आता हे आश्वासन झालं. सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदवलं जातं, आश्वासन समितीकडे जातं, अधिकाऱ्याला त्याचा खुलासा द्यावा लागतो. पण हे सगळं कधी चालतं? पुढच्या अधिवेशनात कुणी परत विचारलं तर. मार्चमध्ये मुंबईत विचारलं, पावसाळ्यात विचारलं, डिसेंबरात नागपूरला विचारलं, तर ती फाइल हलते. नाहीतर मंत्र्याचं खातं बदलतं, सचिवाची बदली होते, आणि कागद कपाटात जातो.

आणि प्रश्नोत्तराच्या तासात सगळे प्रश्न पुकारलेच जात नाहीत, मोजकेच होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर पडतात आणि ती वाचतं कोण. म्हणून तारांकित नाही लागला तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना द्यायची, लक्षवेधी नाही लागली तर अर्धा तास चर्चा मागायची, तेही नाही तर बजेटात त्याच खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे खात्याचा पैसा कमी करा अशी सूचना द्यायची आणि तिथं तोच विषय. दरवाजे खूप आहेत गं. माणसं एक वाजवून निघून जातात.

आता तू म्हणशील, काका, पन्नास वर्षं आमदार होते तरी सांगोला दुष्काळीच राहिला ना. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. पाणी कुठून आणायचं होतं? कृष्णेचं पाणी खाली आणि आमचा माळ वर. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना, टेंभू कराड तालुक्यात, म्हैसाळ मिरज तालुक्यात, तिथनं टप्प्याटप्प्याने पंपाने उचलून आटपाडी, कवठे महांकाळ, जत, सांगोला असं आणायचं. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, आबा, भारत पाटणकर ही चळवळीतली मंडळी आटपाडीला पाणी परिषद घ्यायला लागली, तेरा दुष्काळी तालुक्यांची, आणि दरवर्षी घेत राहिली. दरवर्षी, ऐकतेयस ना. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, योजना मंजूर झाल्या, कामं सुरू झाली आणि मग पैसे आटले, अर्धे कालवे तसेच पडून. तेव्हा परत परिषद, परत मोर्चा, परत सभागृहात प्रश्न. शेवटी माण नदीत टेंभूचं पाणी आलं. आलं तर वीजबिलाचा प्रश्न आला, थकबाकी झाली की पंप बंद, मग परत विचारा. ज्याला हे अपयश वाटतं त्याने एकदा उन्हाळ्यात कोरड्या माणच्या पात्रात उभं राहून यावं आणि मग बोलावं.

रोजगार हमीचंही तसंच. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम द्यायचा प्रयोग केला. मोठा दुष्काळ १९७२ ला पडला. कायदा पास झाला १९७७ ला, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. आणि देशाला तो कायदा करायला २००५ उजाडलं. विसापूरपासून दिल्लीपर्यंत चाळीस वर्षं! तू तीन महिन्यांत थकलीस.

रागावलो असं वाटलं असेल तर वाटू दे. मीपण पंचायत समितीत होतो, तुला माहितीये. आमच्या गणात, म्हणजे माझ्या मतदारसंघात एक पाझर तलाव होता, भराव फुटलेला, दर मासिक सभेला मी तोच विषय घ्यायचो. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, माझ्याकडे बघून आधीच पान उलटायचे, शेजारचे सदस्य हसायचे, आला पाझर तलाव म्हणायचे. मला त्या काळात सत्ताधारी पक्षातून बोलावणं आलं होतं, तुला आलंय तसंच, हाच शब्द, निधी. ज्यांनी ऐकलं त्यांच्या दारात आज गाड्या आहेत, पोरं मार्गी लागली, एकजण जिल्हा बँकेवर गेला. मला पुढं तिकीट मिळालं नाही. घरच्यांनी पुष्कळ सोसलं आणि ते मी विसरत नाही. पण तो तलाव दुरुस्त झाला, उशिरा झाला, उद्घाटनाला मला बोलावलंही नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की ज्या म्हाताऱ्यांसाठी मी तिथं भांडत होतो त्यातले बरेचजण भरलेला तलाव बघायला राहिले नाहीत. पण म्हणून मी तिकडं जायला हवं होतं का? नाही. मी गेलो असतो तर मला निधी मिळाला असता आणि मग तोच प्रश्न मी विचारू शकलो नसतो, कारण ज्याच्याकडून घेतो त्याला विचारता येत नाही. हे मी कुणाला पटवायला म्हणत नाहीये. बरं, थोडंसं म्हणतोय.

आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. तुझ्यावर ना व्हीप म्हणजे पक्षाचा आदेश आहे ना कुणाचं तिकीट. तुझ्याएवढी मोकळीक आमदारालाही नसते. ती तू स्वतःहून देऊन टाकायला निघालीस.

आता कर काय ते ऐक. मागच्या सभेचं प्रोसिडिंग म्हणजे इतिवृत्त बघ, तुझा प्रश्न आणि ग्रामसेवकाचं उत्तर त्यात लिहिलंय का. बहुतेक नसणार. नसेल तर पुढच्या सभेत पहिला विषय तोच घे, मागचं प्रोसिडिंग कायम करायला हात वर करायच्या आधी म्हण, माझा प्रश्न यात घाला, मगच कायम. नक्कल माग. नक्कल देईनात तर माहिती अधिकारात माग. कार्यारंभ आदेश कधीचा, मुदत कधीपर्यंत, ठेकेदाराला बिलं किती गेली, मुदतवाढ कुणी दिली, एवढे चार प्रश्न एका कागदावर लिहून ठेव आणि दर सभेला तोच कागद काढ, भाषण नको. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, तिथंही तोच कागद, आणि त्याआधीच्या महिला सभेत बायकांना घेऊन बस, हंडा त्यांच्या डोक्यावर आहे. तुमचा आमदार सत्ताधारी असला तरी त्यालाही तो कागद दे, तुझं नाव न घालता त्याच्या तोंडून प्रश्न आला तरी चालेल, श्रेय त्याला जाऊ दे, नळाला पाणी तुझ्या वॉर्डात येणार आहे.

आणि ते बॅनर. प्रवेशाच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर तुला न विचारता फोटो टाकलाय असं शेवटी एका ओळीत लिहिलंयस, जणू काही विशेष नाही. उद्या सकाळी फोन कर आणि काढायला लाव. नाही काढला तर परत फोन कर.

तुझा,
काका