'आवाज' परका कसा?

प्रश्न असा आहे: पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत वारा सोडून वाजवायचं वाद्य, त्यावरच्या 'व्हॉक्स ह्यूमाना' या लॅटिन नावाच्या स्टॉपला (नळ्यांच्या एका रांगेला) मराठीत 'मानवी आवाज' लिहिलं, तर कुणीतरी 'आवाज' फारसी म्हणून खोडला आणि 'मानवध्वनी' सुचवला. बरोबर काय?

मानवध्वनी! शिंकसुद्धा मानवध्वनीच की. भाषाशुद्धीच्या या लाल पेनाचा मला मनस्वी कंटाळा आलाय. लॅटिन 'व्हॉक्स'चं मूळ तेच, जे संस्कृत 'वच्'चं. त्यातूनच आपली वाचा, वचन, वाक्य. आता गंमत बघा. फारसी 'आवाज'सुद्धा जुन्या इराणी 'वच्'लाच 'आ' लागून झालेला. म्हणजे व्हॉक्स, वाचा आणि आवाज एकाच कुळातले. परका म्हणून हाकलायला निघालात तो चुलतभाऊ निघाला!

'ह्यूमाना'वरही एक ढकलपत्र फिरतं: 'ह्यूमन'मधला 'मन' म्हणजे आपला मनू. साफ चूक. मूळ लॅटिन 'हूमानुस', आणि त्यातला 'आनुस' हा निव्वळ प्रत्यय, 'रोमानुस'मध्ये आहे तोच. मनूचं नातं लावायचंच तर इंग्रजी 'मॅन'शी लावा. 'हूमानुस'ची सोयरीक 'होमो' म्हणजे माणूस आणि 'हुमुस' म्हणजे माती यांच्याशी सांगतात. दीर्घ 'हू' कुठून आला, यावर पंडित अडतात. अडोत बापडे, मला मातीचा माणूस पटतो.

राहिला 'स्टॉप'. त्याला 'थांबा' लिहिणाऱ्यांना एसटीत बसवून द्यावं. स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची अख्खी रांग, आणि ती चालू-बंद करणारी खुंटीही. व्हॉक्स ह्यूमानात नळीच्या बुडाशी पितळी जीभ थरथरते, वरची नळी मात्र आखूड, ट्रम्पेट स्टॉपच्या मानाने अर्धी नाहीतर पाव. त्यामुळे मूळ सुराला भरीवपणा येत नाही, गेंगाणा, बोलल्यासारखा रंग चढतो. जोडीला वारा हलवणारा ट्रेम्युलंट लावला की सूर कापू लागतो. हुबेहूब माणूस? छे! इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी १७७२ मध्ये युरोपात ऑर्गन ऐकत हिंडला. नेदरलँड्समधल्या हार्लेमचा, म्युलर या कारागिराने बांधलेला १७३८ चा नामांकित ऑर्गन ऐकूनही त्याचं मत असं, की या नावाचे स्टॉप वरच्या सुरांत फार तर नव्वदीच्या म्हातारीच्या फाटक्या आवाजाची आठवण देतात.

बऱ्याच अमेरिकन पायपेट्यांवरही (पायाने भाता मारून वाजवायच्या पेट्या) याच नावाची खुंटी असते. तिला स्वतःच्या वेगळ्या पितळी जिभा नसतात. ओढली की आत पंखा फिरतो आणि वाजणारा सूर हलतो, एवढंच. तिथे 'मानवी आवाज' नको, 'कंप' लिहा.