आधी वजनकाटा बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची चित्रं मिळाली. ढकलगाडीवर मेहनत घेतली आहेस, एप्रनचे खिसेही विचार करून बेतलेत. त्यावर खाली लिहिते. पण सांगलीत राहून कचरावेचक बायकांच्या संस्थेबरोबर वर्षभर काम करायचं ठरवलंयस, तर गाडीच्या आधी जिथे माल विकला जातो तिथे जाऊन बस. दिवसभर बस, आणि सारखी वही काढू नकोस.

पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा, काच, प्रत्येकाचा भाव वेगळा. काट्याचं तोंड कुणाकडे आहे ते बघ. पोत्याचं म्हणून किती कापतात, माल ओला म्हणून आणखी किती कापतात, भाव वजनाआधी सांगतात की नंतर, आणि जिने उचल घेतली आहे तिला शेजारणीइतकाच भाव मिळतो का, हे बघ. बहुतेक जणी एकाच भंगार दुकानदाराला माल घालतात, कारण मूल आजारी पडलं तेव्हा पैसे त्यानेच दिलेले असतात. म्हणून त्याला दुष्ट ठरवून मोकळी होऊ नकोस. अडीअडचणीला तीन-चारशे रुपये संस्था हातावर ठेवू शकत नाही, तोवर बाई त्याच्याकडेच जाणार, आणि तिचं जाणं शहाणपणाचंच आहे. आठवड्याच्या मधे उचल कशी देता येईल, तिची नोंद कशी राहील, ती फिटली हे त्या बाईला कुणाला न विचारता कसं कळेल, हा प्रश्न मी तुझ्या जागी असते तर सगळ्यात आधी हातात घेतला असता.

सांगलीत हे समजावून सांगावं लागत नाही. उसाच्या वजनातल्या काटामारीवरून या भागातले शेतकरी कितीदा रस्त्यावर उतरलेत. शेअर, सभासद, वार्षिक सभा, दिवाळीचा बोनस हे शब्द इथे पोराबाळांच्याही तोंडी असतात. आपल्या बायका मात्र साखर कारखान्यांच्या या सहकाराच्या बाहेर राहिल्या. जमीन नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून शेअर नाही. त्यातल्या कितीतरी दलित आणि भटक्या जातींतल्या आहेत, आणि शहराचा कचरा त्यांच्याच वाट्याला का आला याचं उत्तर गरिबीबरोबर जातीतही आहे. हे विसरून कुठलंही डिझाइन करू नकोस. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात वेगवेगळ्या घरांतली दहा माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते. त्या दहांत आपलं नाव असणं या बायकांना केवढं वाटतं, ते तुला तिथे राहिल्यावर कळेल.

पुण्याचा इतिहास नीट वाचून ये. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या त्यामागे होत्या. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरटी मिळणारं शुल्क बाईचं, आणि सुका माल विकून येणारा पैसाही तिचाच. पण माझ्या मते त्या सगळ्या प्रवासातली मोठी वस्तू म्हणजे ओळखपत्र. नव्वदच्या दशकात महापालिकेने मान्य केलेलं फोटोचं कार्ड या बायकांना मिळालं. त्याआधी पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला कुणीही हटकायचं, चोर म्हणायचं, पोलीस अडवायचे. कार्ड दाखवल्यावर तिला सांगता यायला लागलं की मी काम करते आहे. त्याचा रंग आणि अक्षर आज कुणाला आठवत नसेल. तरी ते माझ्या यादीत कुठल्याही सुबक गाडीच्या वर आहे, कारण त्याने रस्त्यावर कोण कुणाला काय विचारू शकतं हेच बदललं.

तेव्हा तुझ्या प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न ठेव: यानंतर सुक्या मालावरचा तिचा हक्क वाढला की कमी झाला? प्रश्न साधा वाटेल, पण भले भले इथे चुकतात. कुलूप लागणारी सुंदर कचरापेटी केली की रस्ता स्वच्छ दिसतो आणि बाईची सकाळ रिकामी जाते. घंटागाडीला बंद झाकण बसवून सगळं दाबून थेट समडोळी रोडच्या नाहीतर बेडग रोडच्या कचरा डेपोवर नेलं, की शहराचं कौतुक होतं आणि पुठ्ठा-बाटल्या ओल्या कचऱ्यात सडतात. त्याच घंटागाडीवर संस्थेच्या दोन बायका असल्या, सुका माल लावायला वेगळा कप्पा असला आणि तो त्यांनी विकायचा असं लेखी ठरलेलं असलं, तर गोष्ट पालटते. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांनी कचरावेचकांना ओळख द्यावी, त्यांच्या संस्थांना कामात सामावून घ्यावं, ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. महापालिकेत जाशील तेव्हा तो कागद बरोबर असू दे. मेहेरबानी मागायला जात नाहीयेस.

आता गाडी. थोडक्यात लिहिते, कारण याचं उत्तर माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. ती गणपती पेठेतल्या बोळातून वळली पाहिजे, भरल्यावर ढिगावरून पलीकडचा रस्ता दिसला पाहिजे, आणि पंक्चर झाली तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दुरुस्त झाली पाहिजे. पुण्या-मुंबईतून सुटा भाग मागवावा लागला तर ती गाडी महिन्याभरात भिंतीला टेकलेली दिसेल. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या वेल्डिंगवाल्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घे. तुझ्या जाड हातमोज्यांबद्दल मात्र शंका आहे. या बायका बोटांनी प्लास्टिक ओळखतात, चुरगळल्याच्या आवाजावरून त्याचा प्रकार सांगतात. मोजा घातला की ते कसब जातं, म्हणून तो कमरेला खोचलेला राहतो. तळव्याला रबराचा लेप आणि बोटांना थोडी मोकळीक असलेले विणलेले मोजे त्यांच्या हातात देऊन बघ.

मिरजेत मात्र मोज्यांशिवाय भागणार नाही. दवाखान्यांचं गाव आहे ते. रुग्णालयांनी आपला कचरा वेगळ्या रंगाच्या पिशव्यांतून वेगळ्या वाटेने पाठवायचा असा नियम आहे, पण घरी इन्शुलिन घेणाऱ्यांच्या सुया साध्या कचऱ्यातच येतात. सुई टोचलेल्या बाईने त्याच दिवशी कुठे जायचं, कुणाला सांगायचं, पैसे कोण भरणार, हे आधी ठरवून ठेव. घराघरांशी बोलताना पुण्याचा लाल ठिपका आठव. वापरलेलं सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल खूण करायची, एवढंच. पुण्याच्या बायकांनी जुन्या वर्तमानपत्राची त्यासाठीची पाकिटंही करून विकली. असं काम मला फार आवडतं. ते घरातल्या माणसाला समोरच्या हाताची आठवण करून देतं.

हिशोबाचं ॲप करायचं तुझ्या मनात आहे. थांब जरा. फोन बहुतेक घरांत मुलाच्या हातात असतो, ओटीपी त्यालाच येतो. पासबुक कागदाचंच कर. अक्षर न येणाऱ्या बायकाही नोटा आणि आकडे ओळखतात, म्हणून आकडा मोठा ठेव, शेजारी वस्तूचं चित्र ठेव, आणि नाव त्या जे म्हणतात तेच लिही. कंपनीच्या भाषेतलं प्लास्टिकचं नाव तिथे कुणाच्या कामाचं नाही.

बैठकीत तू काहीही दाखवलंस तरी ‘चांगलं हाय की’ असंच ऐकू येईल. पाहुणीला कोण नाही म्हणेल? त्यावर भरवसा ठेवू नकोस. वस्तू ठेवून निघून जा आणि पंधरवड्याने परत ये. मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली दिसेल, एखादा खिसा उसवून मोठा केलेला दिसेल, एखादी फळी काढून चुलीत गेलेली असेल. तिथे तुझं पुढचं चित्र आहे. बैठकीत न बोलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या आक्कांच्या शेजारी कामाच्या वेळी बस. माल निवडताना त्या आपणहून बोलतील.

माल ठेवायच्या शेडची जागा अजून ठरलेली नाही असं लिहिलंयस. नदीकाठचं गोडाऊन स्वस्त मिळेल, ते घेऊ नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही, आणि पावसाळ्यात महिन्याचा माल एका रात्रीत गेला तर ज्या बाईने दुकानदार सोडून संस्थेला माल घातला तिचा विश्वासही जातो. पूररेषेचा नकाशा घेऊन, जुन्या लोकांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारून मगच जागा ठरवा. भाडं जास्त पडलं तरी चालेल. पुरानंतर काय होतं तेही विचार: गाद्या, धान्य, कपडे, भिंतीएवढे ढीग, आणि ते उपसायला सगळ्यात आधी कोण उतरतं.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत घराघरांत साफसफाई चालते, वर्षातला मोठा माल तेव्हाच येतो. त्याच्या आधी शेडला पाणी, उजेड आणि संडास झाला पाहिजे. बायका पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते, आणि ही गोष्ट त्या तुला आपणहून सांगणार नाहीत. संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायलाच हवी. त्यात ठराव मांडायला सांग. महापालिकेकडे जाणाऱ्या अर्जाचा मसुदा तू लिही, सगळ्यांना दोनदा वाचून दाखव, सही-अंगठे त्यांचेच असू देत, आणि देताना अध्यक्ष आक्कांना पुढे जाऊ दे. पोच घ्यायला विसरू नका.

तुझी,
ताई