वाचकांचे प्रश्न : टीव्ही बॉक्समधली चिप

प्रश्न : माझ्या टीव्ही बॉक्समध्ये अ‍ॅमलॉजिकची एस९०५एक्स३ चिप आहे. पेनड्राइव्हवरच्या बऱ्याच फोर-के फायली सुरळीत चालतात, पण काहींमध्ये चित्र थबकतं आणि आवाज पुढे जातो. बॉक्स बिघडलाय का?

उत्तर : बॉक्स ठणठणीत असावा, अडखळणाऱ्या फायली बहुधा एव्ही१ प्रकारच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) आहेत. या चिपमध्ये एच.२६५ आणि व्हीपी९ या तशाच दुसऱ्या पद्धती उलगडणारं वेगळं सर्किट आहे, एव्ही१साठी नाही. मग सगळं ओझं चार कॉर्टेक्स-ए५५ कोअरवर, म्हणजे चिपमधल्या सर्वसाधारण कामाच्या प्रोसेसरवर पडतं. फोर-केचा भार त्यांना पेलत नाही, आणि चिप तापते ती वेगळीच.

खात्री करून घ्या. कोडी या व्हिडिओ चालवणाऱ्या अ‍ॅपमध्ये फाइल चालू असताना यूएसबी कीबोर्डवरचं 'ओ' बटण दाबा. डीकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या) ओळीत शेवटी एचडब्ल्यू असेल तर काम सर्किट करतंय, एसडब्ल्यू असेल तर कोअर. एसडब्ल्यू दिसलं तर तीच फाइल एच.२६५मध्ये मिळवा, किंवा संगणकावर हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने बदलून घ्या. नवा बॉक्स घ्यायचाच असेल तर एस९०५एक्स४ बघा, त्यात एव्ही१ची सोय आहे.

प्रश्न : मग एक्स४चं फर्मवेअर (बॉक्स चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) याच बॉक्सवर टाकलं तर?

उत्तर : कृपया टाकू नका. सर्किट सिलिकॉनमध्येच नाही, ते फर्मवेअरने येणार कुठून? उलट बूटलोडर (बॉक्स सुरू करून देणारा पहिला प्रोग्राम) जुळला नाही की बॉक्स सुरूच होत नाही. एकाच चिपच्या दोन बॉक्सांतही रॅम आणि वायफायचे भाग वेगळे असतात; म्हणून झाकण उघडून बोर्डावरचा क्रमांक वाचा आणि त्याच बोर्डाचं फर्मवेअर वापरा.