‘नशेत होता’ एवढ्याने गोळी कायदेशीर ठरत नाही

प्रश्न : आम्ही ऊसतोड कामगार आहोत. माझा धाकटा भाऊ (वय 26) दोन वर्षांपासून नशेच्या ‘बटन’ गोळ्यांच्या नादी लागला होता. तीन आठवड्यांपूर्वी रात्री तो कोयता घेऊन आरडाओरडा करू लागला, म्हणून शेजाऱ्यांनी 112 ला फोन केला. आलेल्या पोलिसांनी गोळी झाडली आणि दवाखान्यात नेताना भाऊ वारला. शेजाऱ्याच्या मोबाईलमधील चित्रणात भाऊ हापशाजवळ उभा दिसतो आणि पोलीस पंधरा-वीस फुटांवर. पोलिसांनी भावावरच खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आहे. ‘नशेत होता, दुसरा इलाज नव्हता’ असे ते म्हणतात आणि ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशा जबाबावर आईची सही मागतात. भावाचा शर्ट दवाखान्याने कॅरीबॅगमध्ये घालून आमच्याकडे दिला आहे. आम्ही काय करावे?
– एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर : ताई, सर्वांत आधी हे सांगतो की त्या जबाबावर आईंनी सही करू नये आणि अंगठाही देऊ नये. अशा कागदाने तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही. परंतु पुढे प्रत्येक चौकशीत तोच कागद पहिल्यांदा पुढे केला जातो आणि तुमची बाजू ऐकली जाण्याआधीच दुबळी होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समोरचा माणूस नशेत किंवा वेडाच्या भरात असला तरी त्याच्या हल्ल्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 36 नुसार प्रत्येकाला आहे, आणि तो पोलिसांनाही आहे, हे मी तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. कोयत्याने जीव जाऊ शकतो, आणि भाऊ हाताच्या अंतरावरून वार करत होता असे सिद्ध झाले, तर गोळीबार कायद्यात बसू शकतो. पण नशेमुळे हा हक्क वाढतही नाही. त्या क्षणी मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती होती का आणि बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरले का, ही कलम 37 आणि 38 ची कसोटी जशीच्या तशी लागू राहते. शिवाय खटला उभा राहिला, तर बचावाचा हक्क होता हे दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 नुसार गोळी झाडणाऱ्यावर असते.

भावावर खुनाच्या प्रयत्नाचेच कलम का लावले, हेही समजून घ्या. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा आरोप नाही, त्याला अटक करताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 सांगते. खुनाच्या प्रयत्नात समोरच्याला दुखापत झाली असेल, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि ही मनाई आड येत नाही. म्हणून पोलिसाला जखम झाल्याचे सांगितले जात असेल, तर ती कुठे होती, किती खोल होती आणि कोणत्या डॉक्टरने किती वाजता तपासली, हे या प्रकरणात फार महत्त्वाचे ठरेल. ते वैद्यकीय प्रमाणपत्र वकिलामार्फत मागा.

‘नशेत होता’ हे वाक्य खरे तर पोलिसांवरच जबाबदारी टाकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या माणसाला ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवावे, कोठडीत ठेवू नये, असे कलम 100 बजावते. तो भानावर नाही हे पोलिसांना आधीपासून ठाऊक होते, तर मागे सरकून अंतर का राखले नाही, घरच्यांना पुढे का बोलावले नाही, जास्तीची कुमक का मागवली नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ज्या आईच्या आवाजाने मुलगा थांबला असता, तिला घरात कोंडून ठेवले असेल, तर तेही जबाबात यायला हवे.

शर्ट अजिबात धुवू नका. मृताचे कपडे पंचनाम्यात जप्त व्हायला हवे होते. ते तुमच्या हाती आले, हीच तपासातली गंभीर चूक आहे. रक्ताने भिजलेले कापड प्लास्टिकमध्ये कुजते, म्हणून साक्षीदारांसमोर त्याचे फोटो काढा, ते सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. अगदी जवळून गोळी झाडली असेल, तर छिद्राभोवती काजळी आणि बंदुकीच्या दारूचे कण सापडतात. पंधरा फुटांवरून ते सहसा पोहोचत नाहीत. ‘तो अंगावर धावून आला’ हे म्हणणे खरे की खोटे, ते त्या शर्टावरून बऱ्याच अंशी कळेल. तो वकिलामार्फत लेखी पोच घेऊनच तपासासाठी द्या. चित्रणाचा मूळ मोबाईलही शेजाऱ्याने सांभाळून ठेवावा, कारण पाठवलेल्या प्रतीपेक्षा त्याला अधिक वजन असते.

सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात पोलीस चकमकींतील मृत्यूंसाठी निर्देश घालून दिले. त्यानुसार गोळीबारातील मृत्यूचा गुन्हा नोंदवून तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जायला हवा, शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करून त्याचे चित्रीकरण व्हायला हवे आणि पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी झालीच पाहिजे. तुमच्याकडे फक्त अकस्मात मृत्यूची नोंद दाखवत असतील, तर यांपैकी काय झाले ते लेखी विचारा. निर्देश पाळले गेले नसतील, तर सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करण्याची मुभा त्याच निकालाने कुटुंबाला दिली आहे.

या आठवड्यात पोलीस अधीक्षकांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली लेखी अर्ज द्या आणि त्यात 112 च्या फोनचे ध्वनिमुद्रण व स्टेशन डायरी जतन करण्याची मागणी आवर्जून करा. दाद मिळाली नाही, तर त्याच संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका, असा मार्ग आहे. परभणीतील कोठडी मृत्यूच्या प्रकरणात याच खंडपीठाने जुलै 2025 मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला होता. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. खर्चाची चिंता करू नका. महिला म्हणून तुम्ही आणि आई, दोघीही उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यास पात्र आहात.

दंडाधिकारी चौकशीची नोटीस आली की आईंना एकटीला पाठवू नका. त्या बोलतात त्याच भाषेत जबाब लिहून घ्यायला सांगा, तो मोठ्याने वाचून घ्या, आणि एकही ओळ त्यांची नसेल तर ती खोडून दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.