पोह्यांवरची सेव आणि गिरणीतलं दळण

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीला सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) निघाला. दीड महिन्यापासून गहू पूर्ण बंद आहे. आठ-दहा दिवसांत जुलाब थांबले, पोट फुगणं गेलं, भूक लागायला लागली. पण रविवारी बाहेरून पोहे आणले की सोमवारी पोट पुन्हा बिघडतं. पोह्यांत गहू कुठून आला? शिवाय ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : पोहे निर्दोष आहेत, त्यावर काय पडतं ते बघा. सेव बेसनाची खरी, पण ती अनेकदा कचोरी-समोश्यांच्याच तेलात तळलेली असते. मैद्याचे कण तेलात राहतात आणि तळल्याने ग्लूटेन नष्ट होत नाही. जिलबी उचलणारा हातच पोहे वाढतो, ते वेगळंच. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्यात हिंग असतो, आणि बांधानी (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते. म्हणजे घरच्या फोडणीची डबीही तपासा; तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा. पोहे, सेव, जिरावन सगळं घरीच करा. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, एवढी बारीक ही मोजणी आहे. ‘एवढ्याशा जिलबीने काय होतं’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना हा आकडा सांगा.

दुसरी जागा गिरणी. जात्यात आधीच्या दळणाचा गहू अडकलेला असतो आणि तो तुमच्या ज्वारीत उतरतो. पहिलं किलोभर पीठ बाजूला काढल्याने भागत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे हमखास सापडतात. चाळणी आणि लाकडी पोळपाट-लाटणं मुलीसाठी वेगळं हवं. लाकडाच्या भेगांतली कणीक धुऊन निघत नाही.

भाकरी चिरते, कारण पीठ धरून ठेवणारं ग्लूटेनच ज्वारीत नाही. ते काम उकळत्या पाण्याकडून करून घ्यायचं. वाटीभर पाण्याला उकळी आली की मीठ आणि वाटीभर पीठ घाला, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका, कोमट असतानाच भरपूर मळा. तरीही चिरली तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असं समजा. आठवड्यापुरतंच दळा.

पोट शांत झालं म्हणजे आतडं भरून आलं असं मात्र नाही. त्याला महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. हिमोग्लोबिनही सावकाश चढतं. रक्तातली टीटीजी (सिलिअॅकच्या प्रतिपिंडांची) तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करा. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. दूध बाधत असेल तर काही आठवडे कमी करा, बहुधा पुढे पचू लागतं. भात-साबुदाण्यावरच भागवलंत तर बद्धकोष्ठ होईल. ज्वारी, बाजरी, राजगिरा, डाळी आलटून-पालटून द्या.

प्रश्न : तिच्यासोबत मीही गहू सोडला, मलाही हलकं वाटतं. माझी तपासणी करू का?

उत्तर : जरूर करा, मुलीच्या आई-वडिलांची आणि भावंडांचीही व्हायला हवी. पण गहू सोडल्यावर टीटीजी खोटी नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून निदान सहा आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खा, मगच रक्त द्या. तोवर तुमच्या पोळ्यांचा तवा वेगळा ठेवा.